घरगुती गाण्याचा वकील

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ लागते. औद्योगिक वसाहतीतील पहिल्या पाळीची माणसे दुपारनंतर घरी परततात, हातपाय धुऊन चहा होतो आणि दिवेलागणीच्या सुमारास गावातल्या एखाद्या घरातून पेटीचा भाता हलल्याचा आवाज येतो. घरातली मुलगी सारेगम म्हणत असते. वडिलांना धड गाता येत नाही, पण कधीकाळी परीक्षेच्या दोन इयत्ता झालेल्या असतात, तेवढ्या भांडवलावर ते तिला चुकलेला स्वर दाखवितात. स्वयंपाकघरातून ताटे घेण्याची हाक आली की पेटीवर कापड पडते. या घरातून कोणी उस्ताद होणार नाही, हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्याचे वैषम्यही कोणाला नसते.

पेटीवर उघडे ठेवलेले पुस्तक मात्र नीट पाहावे. स्वरांच्या पोटाखाली आडव्या रेघा, काही स्वरांच्या डोक्यावर टिंबे, खाली मात्रांचे आकडे, समेवर गुणाकाराची खूण आणि कालाच्या जागी शून्य. आज घरोघरी अंगवळणी पडलेली ही लिपी मुंबईच्या एका वकिलाने बसविली. गाणे हा त्याचा चरितार्थ नव्हता. आयुष्याची पहिली चाळीस वर्षे तो त्याचा फावल्या वेळचा छंद होता. विष्णु नारायण भातखंडे हे नाव संगीताच्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या पुस्तकातून भेटते, आणि परीक्षेच्या पुस्तकातून भेटणाऱ्या माणसांचे जे होते तेच त्यांचेही झाले. त्यांचे ठाट पाठ केले जातात, त्यांचे आयुष्य कोणी वाचत नाही.

भातखंड्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. दिवस गोकुळाष्टमीचा होता. घराणे मूळ कोकणातले, परिस्थिती मध्यम. वडील नारायणराव व्यवसायाने गवई नव्हते, पण त्यांना गाण्याची आवड होती आणि मुलांच्या कानावर चांगले सूर पडावेत याविषयी ते दक्ष होते. लहानग्या विष्णूने प्रथम बासरी हाती घेतली. पंधरा वर्षांचा झाल्यावर वल्लभदास यांच्याकडे सतारीचे शिक्षण सुरू झाले. हे सारे शाळा-कॉलेज सांभाळून चालले होते. पांढरपेशा कुटुंबातील मुलाने गाणे ऐकावे, थोडे वाजवावे, इथपर्यंत त्या काळाची हरकत नसे. गाण्यावर पोट भरण्याची भाषा मात्र घरात उच्चारता येत नसे. गवयाची विद्या मोठी मानली जाई आणि गवयाची संगत टाळली जाई. हा दुटप्पीपणा एका पिढीचा नव्हता, आणि तो पूर्णपणे गेला आहे असे म्हणण्याचे धाडस मी आजही करणार नाही.

१८८४ मध्ये, पदवीच्या आदल्या वर्षी, ते 'गायन उत्तेजक मंडळी'चे सभासद झाले. कैखुश्रू काबराजी यांनी १८७० मध्ये स्थापन केलेली ही पारशी मंडळींची संस्था होती. प्रतिष्ठित घरांतील माणसांनी उघडपणे, संकोच न बाळगता गाणे शिकावे, यासाठी ती पगारी गवई ठेवीत असे. आपल्या अभिजात संगीताला घरंदाज श्रोता आणि हौशी विद्यार्थी मिळवून देण्याच्या कामात मुंबईच्या पारशी समाजाचा केवढा वाटा आहे, याची जाणीव मराठी माणसाने अधिक ठेवायला हवी. येथे भातखंड्यांना रावजीबुवा बेलबागकर आणि अली हुसेन यांच्यासारखे गुरू लाभले. एकाकडून धृपदे, दुसऱ्याकडून ख्याल अशी शेकडो बंदिशींची पुंजी त्यांनी काही वर्षांत जमविली. शिकलेले कागदावर उतरवून ठेवण्याची सवय याच काळातली असावी. दिवसभर दुसऱ्या कामात गुंतलेल्या माणसाला तालमीसाठी रोज आठ तास मिळत नाहीत. जे मिळाले ते निसटू नये म्हणून तो लिहून ठेवतो.

१८८५ मध्ये बी.ए. आणि १८८७ मध्ये कायद्याची पदवी. त्यानंतर काही काळ कराचीत वकिली करून ते मुंबईस परतले. पुढची दहा-बारा वर्षे दिवसा कज्जेदलाली आणि सायंकाळी मंडळीचे वर्ग, मैफली, जुने ग्रंथ असा क्रम चालला. लग्न झाले होते, एक मुलगी होती. सुस्थितीतील, सुसंस्कृत, हौशी वकील असेच त्यांचे वर्णन त्या काळी कोणीही केले असते. मुंबईत तसे अनेक होते.

पुढे जे झाले ते मात्र कोणाच्या हौशीच्या हिशेबात बसणारे नव्हते. १९०० मध्ये पत्नीचे निधन झाले. तीन वर्षांनी, १९०३ मध्ये, मुलगीही गेली. भातखंड्यांच्या चरित्रांत या दोन मृत्यूंना जागा मिळते ती दोन-तीन ओळींची. त्यानंतर लगेच संगीत-प्रवासांचे वर्णन सुरू होते, जणू एक दार बंद होऊन दुसरे उघडले. मला ती घाई खटकते. चाळिशी ओलांडलेला माणूस न्यायालयातून घरी येतो आणि घरात कोणी नसते. सतार कोपऱ्यात उभी असते, पण जे घर ती ऐकत होते ते राहिलेले नसते. छंदाला घर लागते. घर संपले तेव्हा भातखंड्यांसमोर छंद सोडून देणे किंवा त्याचेच घर करणे, एवढेच दोन मार्ग उरले असावेत. दुसरे लग्न त्या काळी सहज झाले असते. ते त्यांनी केले नाही. वकिली हळूहळू कमी होत गेली आणि १९१० च्या सुमारास ती त्यांनी कायमची सोडली.

१९०४ च्या अखेरीस ते दक्षिणेकडे निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, त्रिवेंद्रम अशी ती वाट होती. तमिळ येत नव्हते, तेव्हा संस्कृत, इंग्रजी आणि दुभाष्याच्या मदतीने संवाद चाले. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांची भेट झाली. त्यांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी छापून झाला होता. व्यंकटमखीची बहात्तर मेळांची रचना भातखंड्यांनी तेथे नीट समजून घेतली आणि 'चतुर्दण्डिप्रकाशिका' या सतराव्या शतकातील ग्रंथाची प्रत मिळविली. दक्षिणेत शास्त्र आणि गाणे एकमेकांना ओळखतात आणि आपल्याकडे ते परस्परांचे तोंडही पाहत नाहीत, हे त्यांना लागलेले शल्य. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयनगरम, कलकत्ता. १९०८-०९ मध्ये अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, मथुरा, उदेपूर. बरोबर प्रश्नांची लांबलचक यादी असे. कलकत्त्याला शौरींद्र मोहन टागोरांसारख्या विद्वान धनिकापासून ते गल्लीबोळांतील गवयापर्यंत सर्वांना ते तेच विचारीत: हा राग तुम्ही असा का गाता, हा स्वर येथे का वर्ज्य, यास आधार कोणता? साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची सवय वकिली सोडली तरी सुटली नव्हती.

उस्तादांना हे प्रश्न रुचले नाहीत, यात नवल ते काय? चीज ही त्यांची इस्टेट होती. मुलाबाळांना द्यायची पुंजी एका पोशाखी वकिलाने वहीत उतरवून न्यावी, याला ते सहजी तयार नव्हते. येथे भातखंड्यांनी जी चिकाटी दाखविली तिला तोड नाही. जयपूरच्या मोहम्मद अली खान यांच्या घराण्यातील चिजा त्यांनी फोनोग्राफवर उतरवून घेतल्या. रामपूरचे नवाब हमीद अली खान यांचे शिष्यत्व पत्करून तेथील बंद कोठारही उघडविले. जमलेल्या बंदिशींपैकी सुमारे अठराशे पुढे 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या गेल्या. ज्याला गुरू मिळण्याची शक्यता नाही, अशा गावोगावच्या माणसाला त्या थोडक्या किमतीत मिळू लागल्या.

या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या मुसलमान गवयांकडून हे सारे मिळाले, त्यांच्याविषयी भातखंड्यांचा सूर अनेकदा तुच्छतेचा आहे. त्यांना विद्या आहे पण शास्त्र नाही, ही त्यांची ठाम समजूत होती. जानकी बखले यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टू मेन अँड म्युझिक' या ग्रंथात याची कठोर छाननी केली आहे, आणि ती वाचून भातखंड्यांच्या भक्तांना बरे वाटणार नाही. मला ती पुष्कळशी योग्य वाटते. ज्याचे घर त्या विद्येवर चालते त्याच्याकडे आणि ज्याचे घर दुसऱ्या कमाईवर चालते त्याच्याकडे, एकाच चिजेचे मोल सारखे असू शकत नाही. एवढे साधे सत्य या बुद्धिमान माणसाला नेहमीच दिसले असे नाही.

त्यांच्या ग्रंथलेखनाची कथाही मौजेची आहे. १९०९-१० च्या सुमारास 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ 'चतुरपंडित' या नावाने निघाला. पाठोपाठ १९१० पासून 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मराठी ग्रंथ 'विष्णुशर्मा' या नावाने येऊ लागला. त्याचा चौथा भाग १९३२ मध्ये पुरा झाला. त्यात गुरू-शिष्यांचा संवाद आहे आणि गुरुजी ठिकठिकाणी चतुरपंडितांचा आधार मोठ्या आदराने देतात. दोघेही अर्थात भातखंडेच. संस्कृत श्लोकाशिवाय विद्वान मान डोलावणार नाहीत, हे ओळखून वकीलसाहेबांनी स्वतःचा साक्षीदार स्वतःच उभा केला होता. मराठीला मात्र या खटपटीतून एक अपूर्व ग्रंथ मिळाला. प्रवासात भेटलेले गवई, त्यांचे रुसवे-फुगवे, दरबारातील गमती हे सारे त्या संवादांत नावे झाकून येते. हा ग्रंथ आज वाचला जातो तो बहुधा हिंदी अनुवादातून, ही आपल्याला फारशी भूषणावह गोष्ट नाही.

त्यांची रागव्यवस्था थोडक्यात अशी. दक्षिणेच्या बहात्तर मेळांतून उत्तरेच्या रागांना पुरतील असे दहा ठाट निवडले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. बिलावलचे स्वर शुद्ध मानले. त्यामुळे पेटीच्या पांढरी एकवर सा धरला की एकही काळी पट्टी न लागता शुद्ध सप्तक वाजते; घरी शिकणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार? त्यावर वादी-संवादी, रागांच्या वेळा, आणि दिवसाकडून रात्रीकडे जाताना वाट दाखविणारा मध्यम. सारे राग या चौकटीत सुखाने बसतात असे नाही. दोन मध्यमांचा ललत त्यांनी मारव्यात घातला. कोमल गंधार आणि शुद्ध निषादाचा पटदीप काफीत ठेवताना आजही शिक्षक घुटमळतात. ओंकारनाथ ठाकुरांसारख्यांनी या पद्धतीवर झोड उठविली. तरीही तिला बाजूस सारील अशी दुसरी पद्धती शंभर वर्षांत रूढ झालेली नाही.

सातारा-सांगलीच्या वाचकांना या कथेतील एक प्रकरण अधिक जवळचे वाटेल. भातखंडे ठाट जुळवीत होते त्याच सुमारास सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल दुसऱ्याच शोधात होते. सप्तकातील बावीस श्रुती नेमक्या कोठे असतात, हे तारेची लांबी मोजून गणिताने ठरविण्याचा त्यांचा प्रयत्न होता. प्रत्यक्ष स्वर लावून दाखवायला उस्ताद अब्दुल करीम खान होते. देवलांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांना त्याने झपाटून टाकले. या इंग्रज न्यायाधीशाने १९११ मध्ये साताऱ्यात 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' स्थापन केली, बावीस श्रुतींची पेटी लंडनहून करवून आणली आणि १९१३ मध्ये हिंदी संगीतावर स्वतःचे पुस्तकही लिहिले. म्हणजे एक वकील, एक डेप्युटी कलेक्टर आणि एक न्यायाधीश! हिंदुस्थानी संगीताच्या शास्त्राचा त्या पिढीतला मोठा वाद कचेरीची कामे उरकून गाण्याकडे वळलेल्या या तिघांनी लढविला.

त्याचा निकाल मार्च १९१६ मध्ये बडोद्याला लागला. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली होती. क्लेमेंट्स यांची पेटी तेथे आली, वाजली, आणि जमलेल्या गायक-वादकांना ती पटली नाही. पेटीच्या पट्टीवर ठोकून बसविलेली श्रुती आणि गळ्यातून रागागणिक हलणारी श्रुती एक नव्हे, हा भातखंड्यांच्या बाजूचा मुद्दा ठरला. बारा स्वरांवर काम भागवावे, सूक्ष्म भेद गुरुमुखातून घ्यावेत, ही त्यांची भूमिका व्यवहारी होती. तरीही देवलांविषयी मला हळहळ वाटते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर पेन्शन खात स्वस्थ न बसता, सांगलीसारख्या ठिकाणी तारांची लांबी मोजत राहणारा हा गृहस्थ त्या निकालाने इतिहासाच्या समासात ढकलला गेला.

दुसरे विष्णू, म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकर, हेही याच मुलखाचे. कुरुंदवाडचा जन्म, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण, आणि १९३१ मध्ये देह ठेवला तोही मिरजेतच. त्यांनी गाणे पोटासाठी आणि धर्मकार्यासारखे केले. भातखंड्यांशी त्यांचे फारसे जमले नाही. दोघांच्या स्वरलिपीही निराळ्या. पलुसकरांची लिपी अधिक बारकाईची आहे, असे जाणकार म्हणतात. टिकली मात्र मोजक्या खुणांची, सुटसुटीत अशी भातखंड्यांची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, लांबविलेल्या स्वरापुढे लहान आडवी रेघ आणि एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कंस. दहा वर्षांचे मूल अर्ध्या तासात हे शिकते.

बडोद्यानंतर दिल्ली, काशी आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले, १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज. तेच पुढे भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ झाले. लखनौची धुरा ज्यांनी दीर्घकाळ वाहिली ते श्रीकृष्ण रातंजनकर अशाच एका घरातून आलेले होते. वडील नारायण गोविंद मुंबईच्या गुप्तचर पोलीस खात्यात अधिकारी. घरी सतार वाजवीत. त्यांनी मुलाला प्रथम गुरूंकडे बसविले, त्यांत पुढे औंध दरबारात गेलेले अनंत मनोहर जोशी होते, आणि मग भातखंड्यांकडे आणले. ज्याची स्वतःची मुलगी हरपली होती त्या माणसाच्या हाती दुसऱ्याचे मूल आले. भातखंड्यांनी त्याला शास्त्र शिकविले आणि गळ्याची तालीम मिळावी म्हणून बडोद्यास फैयाज खानांकडे धाडले. शास्त्राने गाणे येत नाही, त्याला उस्तादच लागतो, याची ही एक प्रकारे कबुलीच होती.

१९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघाताचा झटका आला. नंतरची तीन वर्षे अंथरुणावरच गेली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, ते निवर्तले. मुंबईतील घराघरांत त्या दिवशी गणपती बसत होते आणि आरत्यांना पेट्या बाहेर निघाल्या होत्या. क्रमिक मालिकेचा सहावा भाग त्यांच्या पश्चात, १९३७ मध्ये, प्रसिद्ध झाला.